पळसाला पाने तीनच

गेल्या माघात आम्ही वडोदऱ्यातील भाड्याचे बिऱ्हाड सोडून वाघोडिया रस्त्याकडील एका खेड्यात नव्या घरी राहावयास गेलो. आजी मात्र खिन्न होती. ‘येथे मराठी बोलणारे एकही घर नाही, सणवार कोणासंगे करावयाचे?’ असे ती वारंवार म्हणे.

फाल्गुन आला. बांधावरचे पळस पानांवाचून नुसत्या फुलांनी पेटले आणि त्यांच्यामागे पूर्वेस पावागडाची निळी रेघ शोभू लागली. शेजारच्या गुजराती बा पळसाला ‘केसूडो’ म्हणत. त्यांनी फुले भिजवून केशरी रंग केला व धुळवडीस एक घागर आमच्याकडे पाठविली.

वर्षप्रतिपदेस आजीने गुढी उभारली आणि कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, ओवा वाटून प्रसाद केला. वाटी घेऊन ती शेजारी गेली, तो बाही चैत्रासाठी कडुनिंबाच्या फुलांचा रस काढीत बसलेल्या! त्या म्हणाल्या ‘मोर’, आजी म्हणाली ‘मोहोर’. दोघी मनमुराद हसल्या.

1875 साली नाशिककडील कवळाण्याचा बारा वर्षांचा शेतकरीपुत्र गोपाळ वडोदऱ्यास दत्तक आला व पुढे सयाजीराव महाराज म्हणून येथलाच झाला, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. परक्या मातीत मूळ कसे धरते, हे आम्हांस आजीने दाखविले.

चैत्र सरता सरता पळसाला नवी पालवी फुटली. ‘कोठेही जा, पळसाला पाने तीनच,’ आजी म्हणाली, आणि बांच्या ओट्यावर गहू निवडावयास निघून गेली.