देवघेवीची वही

वाचन हा एकट्याने करावयाचा व्यवहार आहे, याविषयी सहसा दुमत होत नाही. पुस्तक उघडले की माणूस घरात असूनही घरात नसतो, अशी तक्रार प्रत्येक वाचणाऱ्याच्या घरी कधी ना कधी झालेली असते. माझा अनुभव मात्र काहीसा निराळा आहे. रक्ताच्या किंवा हुद्द्याच्या नात्याबाहेर जी माणसे मला आयुष्यात मिळाली, त्यांतील बहुतेक पुस्तकांच्या वाटेने आली. हे मी नुसत्या स्मरणावर विसंबून म्हणत नाही. त्याला लेखी पुरावा आहे.

गुजरात सरकारच्या महसूल खात्यात मी चौतीस वर्षे काढली. १९८४ साली नायब मामलतदार म्हणून लागलो आणि २०१८ मध्ये निवृत्त झालो. कचेरीची शिस्त एकदा हाडात मुरली की ती घरीही पाठ सोडत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक वही आखली. अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. आवक-जावक रजिस्टरचीच ही नक्कल. पुस्तक परत करताना नेणाऱ्याने स्वतःच्या हाताने एक ओळ तरी शेऱ्यात लिहावी, एवढीच माझी अट असे. स्नेही थट्टा करीत, ‘‘पुस्तक देताय की सातबाराचा उतारा?’’ थट्टा चालू राहिली आणि वहीही चालू राहिली. आज तिचे तीन भाग झाले आहेत.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला पुस्तक दुसऱ्याच्या हाती देण्याची सवय लागावी, यात तसे नवल नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला येथे आणले आणि संस्थानभर ग्रंथालयांची योजना उभी केली. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल, तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, असा तिचा विचार होता. त्यातूनच पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने गावोगावी वाचनालये उभारण्यासाठी आयुष्य वेचले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी प्रथम गेलो तेव्हा शाळकरी वयाचा होतो. तेथील पुस्तकांच्या दालनातील जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यावरील कपाटांपर्यंत पोहोचावा म्हणून. त्या काचेवर पाय ठेवताना वाटलेली भीती अजून आठवते.

याच नगरीत गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये महाराजांचे ‘रीडर’ म्हणून नोकरीस लागले. राजालाही वाचून दाखवणारा सोबती हवासा वाटला, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. महाराजांना वाचून दाखवण्यासाठी आणि राजपुत्रांना शिकवण्यासाठी केलेल्या अभ्यासातून पुढे रियासती उभ्या राहिल्या आणि सरदेसाई ‘रियासतकार’ झाले.

याहूनही मोठे उदाहरण कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचे आहे. बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले आपले बुद्धचरित्र केळुसकरांनी एका विद्यार्थ्याला त्याच्या सत्कारप्रसंगी भेट दिले. त्या विद्यार्थ्याच्या पुढील शिक्षणासाठी त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला. विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांचे वाचन आणि चिंतन त्यानंतर कितीतरी विस्तारले. पण बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना त्यांनी स्वतः या पुस्तकाची आणि ते देणाऱ्या केळुसकरांची आठवण लिहून ठेवली आहे. ग्रंथालयात ते पुस्तक कोणालाही मिळाले असते. केळुसकरांनी ते एका विशिष्ट मुलाच्या हातात ठेवले. फरक पडतो तो येथे.

आमच्या वहीतील नोंदी अर्थातच लहान माणसांच्या आहेत. १९८७ मध्ये छोटाउदेपूरला असताना कचेरीत एक वयस्क शिरस्तेदार होते. बोलता बोलता त्यांनी मला विचारले, ‘‘तुम्ही आमचे खांडेकर वाचलेत का?’’ मी चकित झालो. वि. स. खांडेकर गुजराती नव्हेत, हे त्यांना पटवून देण्यास दोन दिवस लागले. गोपाळराव विद्वांसांच्या अनुवादांतून त्यांनी खांडेकर इतके वाचले होते की, हा लेखक परक्या भाषेतून आला आहे, ही शंकाही त्यांच्या मनास शिवली नव्हती. मी त्यांना ‘अमृतवेल’ मूळ मराठीतून वाचण्यास दिली. देवनागरी त्यांना येत होती. अडलेले शब्द ते कागदाच्या कपट्यावर टिपून आणीत आणि दुपारच्या चहाच्या वेळी विचारीत. एके दिवशी ते गंभीर चेहऱ्याने आले. एका पात्राला दुसऱ्याचा ‘राग’ येतो आणि पुढच्याच क्षणी ते पात्र तोंड फिरवते, हे कसे? गुजरातीत राग म्हणजे अनुराग, ओढ. आपल्याकडे नेमके उलट. खुलासा होताच कचेरीभर हशा पिकला. त्यानंतर साहेब चिडले की शिरस्तेदार हलकेच म्हणत, ‘‘आज साहेबांचा आपल्यावर फार राग आहे,’’ आणि तो मराठी की गुजराती, हे ज्याचे त्याने ठरवावे! दुपारच्या चहाची ती बैठक माझी बदली होईपर्यंत मोडली नाही. वहीतील त्यांचा शेरा असा: ‘मूळ विहिरीचे पाणी प्यायलो.’

सर्वच नोंदी अशा हसऱ्या नाहीत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर इतर जिल्ह्यांतील कर्मचाऱ्यांना मदतकार्यासाठी कच्छमध्ये पाठवण्यात आले. त्यांत मीही होतो. भचाऊजवळ तंबूत आमचा मुक्काम असे. दिवसभर याद्या: घरांच्या, जखमींच्या, मृतांच्या. रात्री झोप लागत नसे. सामानात पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ होते. कंदिलाच्या उजेडात मी ते चाळत असताना शेजारच्या खाटेवरील स्थानिक तलाट्याने विचारले, ‘‘साहेब, काय वाचता?’’ त्याचे स्वतःचे घर पडले होते. मी अंतू बर्व्याची काही पाने जमेल तशी गुजरातीत सांगू लागलो. हळूहळू आणखी दोन-तीन माणसे जवळ सरकली. सांगून झाल्यावर तलाटी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘असा एक म्हातारा आमच्याही गावात होता.’’ त्या ‘होता’वर सगळे थांबले. नंतर तो त्या म्हाताऱ्याविषयी तासभर बोलत होता; त्याची बोलण्याची ढब, त्याचे तिरकस टोमणे, त्याची काठी. ऐकणारे हसत होते आणि डोळेही पुसत होते. दिवसा ज्या माणसाचे नाव आम्ही यादीत एका ओळीत लिहिले असेल, तो रात्री पुन्हा माणूस झाला. निघताना तलाट्याने ते पुस्तक मागून घेतले. पुढे अरुणा जाडेजा यांच्यासारख्या अनुवादिकेमुळे पु. ल. गुजरातीतही वाचायला मिळू लागले; तलाट्याच्या हाती मात्र मराठी प्रतच राहिली. वहीत तिच्यापुढील शेवटचे दोन रकाने कोरे आहेत आणि ते कोरेच राहावेत असे मला वाटते.

आता थोडे घरातले. २०२० मध्ये पत्नी गेली. दोन वर्षांनी रावपुऱ्यातील जुने घर सोडून फ्लॅटमध्ये जाण्याचे ठरले. पुस्तके अकराशेच्या वर आणि नव्या घरात जागा फार तर चारशेची. कोणती ठेवायची? मी वहीच्या आधारे नियम केला. जे पुस्तक इतक्या वर्षांत एकदाही कोणाकडे गेले नाही, ते आधी बाहेर काढायचे. शोभेसाठी घेतलेले संच, समारंभात मिळालेले ग्रंथ या नियमाने भराभर बाजूला झाले आणि एका वाचनालयाकडे रवाना झाले.

अडचण आली ती पत्नीच्या पुस्तकांची. ती आपली पुस्तके कोणास देत नसे. त्यामुळे वहीत त्यांची एकही नोंद नव्हती. मी ती पेटीत भरू लागलो, तेव्हा सूनबाईंनी हात धरला. त्या माहेरच्या गुजराती, बँकेत अधिकारी. आमचे संबंध चांगले, परंतु बोलणे चहा, औषधे आणि नातवाचा अभ्यास यांपलीकडे क्वचितच जाई. त्या म्हणाल्या, ‘‘पप्पा, ही नका देऊ. मी वाचतेय.’’ आणि एक कादंबरी उघडून त्यांनी विचारले, ‘‘मम्मींनी इथे ‘खोटे’ असं का लिहिलंय?’’

समासात पेन्सिलीने लिहिलेले ते अक्षर मी ओळखले. कथेतील नायिका नवऱ्याच्या बदलीची बातमी ऐकून आनंदाने सामान बांधू लागते, असा तो प्रसंग होता. माझ्या नोकरीत अकरा बदल्या झाल्या. त्यापायी पत्नीने बालवाडीतील नोकरी दोनदा सोडली. याविषयी ती मला कधी काही बोलली नव्हती. पेन्सिलीजवळ मात्र बोलली होती. मी सूनबाईंना ते सर्व सांगितले. दुसऱ्या संध्याकाळी त्या दुसरे पुस्तक आणि दुसरा समास घेऊन आल्या. असे महिनाभर चालले. एके दिवशी पुस्तक मिटून त्यांनी विचारले, ‘‘मला सुरतेची बदली येतेय, बढतीवर. मम्मी असत्या तर काय म्हणाल्या असत्या?’’ उत्तर आमच्यासमोर समासांतून लिहिलेलेच होते. त्या सुरतेला गेल्या. शनिवारी येतात, सोमवारी पहाटे जातात. नातवाची संध्याकाळ माझ्याकडे असते.

प्रत्येक सोमवारी सासूबाईंचे एक पुस्तक त्यांच्याबरोबर जाते आणि माझ्या नियमाप्रमाणे त्याची नोंद होते. त्यांचा शेरा भाषेने मराठी आणि लिपीने गुजराती असतो. मागील एका नोंदीत त्यांनी लिहिले आहे, ‘पान ५२ वरचे मम्मींचे म्हणणे मला पटत नाही.’ हा शेरा वाचून मला झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे. एकमेकींना जे समोरासमोर सांगणे या दोघींना साधले नसते, ते आता समासात चालू आहे.

पुस्तके माणसांना जोडतात, असे आपण व्यासपीठावरून वारंवार ऐकतो. माझ्या वहीचा निष्कर्ष थोडा वेगळा आहे. कपाटातील पुस्तक आपण होऊन कोणाला जोडत नाही. ते उचलून कोणाच्या तरी हाती द्यावे लागते, परत येईल की नाही याची फारशी चिंता न करता. आणि त्या माणसाला त्याविषयी काय वाटले, हे ऐकण्यासाठी थोडा वेळ काढावा लागतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. आपल्या घरांतून उद्या मराठी कोण वाचणार, या चिंतेने आपण पुष्कळदा व्याकूळ होतो. तो वाचक कदाचित आपल्याच घरात असेल, वेगळ्या माहेराहून आलेला, वेगळ्या लिपीत शेरा लिहिणारा. त्याच्या नावाने वहीत एक ओळ मोकळी ठेवावी, एवढेच सुचवावेसे वाटते.