तक्त्यावरची वेळ

नर्सिंगच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक कागद घेऊन घरी येतात. मेडिकलच्या दुकानाची पिशवी, तिच्यात डिस्चार्ज कार्ड, बिलं, गुंडाळलेले एक्स-रे. तक्रार दवाखान्याबद्दल असते, पण पहिला प्रश्न बहुधा वेगळाच निघतो: ‘सिस्टर, आमचंच काही चुकलं का हो?’

या प्रश्नाची मला अजून सवय झालेली नाही.

बऱ्याचदा चूक कुणाचीच नसते. सगळं नीट करूनही टाका पिकतो, गाठ फुप्फुसात जाते. तेही समजावून सांगावं लागतं आणि ते ऐकून काही माणसं नाराज होऊन जातात. कुणावर तरी बोट ठेवता आलं तर दुःख सोपं वाटतं, त्याला काय करणार?

गेल्या पावसाळ्यात मागच्या आळीतली एक मुलगी आली. मुलगी म्हणजे चाळिशीची, बँकेत नोकरीला. वडील निवृत्त शिक्षक, मधुमेही. खुब्याचं हाड मोडलं म्हणून खासगी रुग्णालयात दाखल केलेलं. ऑपरेशन सकाळी नऊचं, म्हणून रात्रीपासून उपाशी. मग ते दुपारवर ढकललं. अकराच्या पुढे नर्सने हाक मारली तर उठेनात. साखर २८. ग्लुकोज दिलं, आयसीयूत नेलं, वाचले. पण पूर्वीचे राहिले नाहीत. पाढे येतात, नातवाचं नाव येत नाही.

‘रात्रभर कण्हत होते, मावशी. सकाळी घोरायला लागले म्हणून मी उठवलं नाही. अंग घामाने भिजलं होतं, मला वाटलं उकडतंय.’

डिस्चार्ज कार्डावर एवढंच होतं: साखर कमी झाली, उपचार केले. मी तिला म्हटलं, आधी घरी जाऊन त्या सकाळचं जे आठवतं ते वेळेसकट वहीत लिही. मग लेखी अर्ज दे. नुसता सारांश मागू नकोस. औषधांचा तक्ता, नर्सच्या नोंदी, साखरेचा तक्ता, सगळं माग आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. हे पुष्कळांना माहीत नसतं.

चौथ्या दिवशी झेरॉक्स मिळाल्या. दोन कागद मी जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले. एकावर रात्रीपासून तोंडाने काही द्यायचं नाही. दुसऱ्यावर सकाळी ७ वाजता नाश्त्याआधीचं इन्सुलिन, रोजच्याइतकंच, खाली सही. साखर सहाला तपासलेली. त्यानंतरची नोंद थेट ११.१० ची. हे वाचायला डॉक्टर असावं लागत नाही.

‘म्हणजे मी झोपू दिलं म्हणून नाही?’

उठवलं असतं तर कदाचित लवकर कळलं असतं, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. पण उपाशी मधुमेह्याची साखर बघत राहणं हे वॉर्डाचं काम, लेकीचं नाही.

तिचा भाऊ ‘काचा फोडतो’ म्हणत होता. एक काच फुटली की फाईल बंद होते आणि गुन्हा याच्यावरच दाखल होतो. २०१० पासून राज्यात त्यासाठी वेगळा कायदा आहे. डॉक्टरवर फौजदारी करणंही सोपं नाही. प्रत्येक चूक गुन्हा होत नाही, त्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात म्हटलं, आणि मला ते पटतं. ग्राहक आयोगाचा रस्ता १९९५ च्या निकालाने पक्का झाला. त्याला दोन वर्षांची मुदत. आणि धीर किती लागतो? औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेनंतर एका बाईच्या पोटात कापड राहिलं, ती गेली. तिच्या नवऱ्याच्या बाजूने अखेरचा निकाल लागला १९९६ साली.

रुग्णालयात भेटीला मी तिच्याबरोबर गेले. कागदावरचे तीनच प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचं, असं ठरवलं होतं. आधी ‘कॉम्प्लिकेशन’ हा शब्द तीनदा आला. ती गप्पच राहिली. मग म्हातारे सर्जन म्हणाले, ‘उपाशी ठेवायची सूचना एका कागदावर, इन्सुलिन दुसऱ्यावर. ते थांबवा असं कुणी लिहिलंच नाही. आमच्याकडून राहिलं, ताई.’ लगेच व्यवस्थापक मध्ये पडले, ‘म्हणजे सरांना असं म्हणायचंय...’ तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आयसीयूचं बिल माफ करू, पण पुढे तक्रार नाही असं लिहून द्या, असा कागद त्यांनी पुढे केला. आज सही करू नकोस, एवढंच मी म्हटलं. तो कागद अजून तिच्या कपाटात आहे. भावाला आयोगात जायचंय, तिचं ठरत नाही.

आणि वडिलांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, वयामुळे विसरायला होतंय. सांगायला हवं असं माझं मत आहे. शरीर त्यांचं आहे. भावाला नको वाटतं. येत्या रविवारी ती दोघं त्यांच्याजवळ बसणार आहेत. तिने मलाही बोलावलंय, येताना त्या दोन झेरॉक्स आणा म्हणाली.