पाठ न दिलेला शब्द

गेल्या दिवाळीस आमची नात पुण्याहून तुळजापुरास आली ती अबोल होऊनच. तुळजाभवानीच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आमच्या गावातही आहे. परंतु मुलीने मोठ्या शहरी शिकावे, असा आग्रह मीच धरला होता. भाऊबीज झाल्यावर ती ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली आणि हलक्या स्वरात म्हणाली, "आजोबा, प्रात्यक्षिकात मी नापास झाले. बाबांना सांगितलेले नाही. हे शिक्षण मला जमणारे नाही."

तिचा विषय म्हणजे मोठ्या व्यवहारांसाठी आज्ञावली रचणे. बँक, विमा, रेल्वेचे आरक्षण अशा ठिकाणी हजारो माणसे एकाच वेळी संगणकाकडे मागणी करतात. ती मागणी स्वीकारणे, तीस नियम लावणे आणि नोंद ठेवणे ही कामे आज्ञावलीच्या निरनिराळ्या भागांकडे सोपविलेली असतात. जावा भाषेत हे कसे करावे, याची पद्धती सन कंपनीने १९९९ साली सिद्ध केली. २०१० साली ती कंपनी ऑरॅकलने विकत घेतली. पुढे ही पद्धती एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली. मात्र जुन्या नावावरील हक्क ऑरॅकलकडेच राहिल्यामुळे २०१८ साली तिचे 'जकार्ता' असे नामांतर झाले. २०२० साली आज्ञावलीच्या आतील 'जावाएक्स' या शब्दाच्या जागीही 'जकार्ता' आले.

नातीने जुन्या वहीतील आज्ञावली अक्षरशः मुखोद्गत केली होती. परीक्षेतील सर्व्हर नवा. त्यास 'जावाएक्स' हे नाव ओळखू येईना. बदलावयाचे होते ते एवढेच. पण काय बदलावे हेच तिला कळेना. दोन तास ती त्याच ओळी पुन्हा पुन्हा लिहीत बसली.

हे ऐकताना मला एक जुना प्रसंग आठवला. ती आठ वर्षांची असताना मी तिच्याकडून 'राम' शब्द सर्व विभक्तींत पाठ करून घेतला होता. पाहुण्यांनी 'वृक्ष' शब्द चालवावयास सांगितला, तेव्हा ती निरागसपणे म्हणाली, "तो आजोबांनी पाठ दिलेला नाही." सारे हसले, मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी 'वृक्ष'ही पाठ दिला! दोन्ही शब्द अकारान्त पुल्लिंगी, एक कळला की दुसरा आपोआप साधतो, हे मात्र सांगितले नाही. पाणिनीने प्रत्येक शब्दाची रूपे मांडून ठेवली नाहीत. सुमारे चार हजार सूत्रांत ती साधण्याचे नियम दिले. ते व्याकरण वाचलेल्या मास्तराने घरात रूपांची घोकंपट्टी तेवढी करून घेतली!

मी तिला म्हणालो, "बाळ, तुझ्या अपयशात माझा वाटा मोठा आहे. आता मला तू शिकव. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे जातात ते कसे?" तिने घडाघडा सांगितले. मी विचारले, "एकाच्या नावे पडले आणि दुसऱ्याकडे जमा होण्यापूर्वी वीज गेली, तर?" ती थबकली. मग पुस्तक उघडून बसली.

सायंकाळी तिने मला 'ट्रँझॅक्शन' म्हणजे काय ते समजाविले. नावे आणि जमा या दोन्ही नोंदी एका गाठीत बांधावयाच्या. दोन्ही पुऱ्या झाल्या तरच व्यवहार कायम, नाहीतर सारे पूर्ववत्. दुसऱ्या दिवशी तिने 'जावाएक्स'ची जागा शोधून दुरुस्त केली आणि आज्ञावली मुद्दाम मध्येच बंद पाडली. खाते पाहिले, तो रक्कम जागच्या जागी! तिच्या मुद्रेवरचा तो आनंद मी शाळेतील इतक्या वर्षांत फार थोड्या मुलांच्या मुखावर पाहिला. तो का, हे आता उमगते.

आमच्या जिल्ह्याचे नावही २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. पण वाट ओळखणारा मनुष्य त्यामुळे चुकत नाही. ज्याला नुसती पाटीच पाठ असते, तोच गोंधळतो.

पाठांतराची मी निंदा करीत नाही. माझी सारी विद्या त्यावरच उभी आहे. परंतु घरातील मूल धडा बिनचूक म्हणून दाखवील, तेव्हा त्यास शाबासकी देण्यापूर्वी पाठ न दिलेला एखादा शब्दही विचारून पाहावा.

निघण्यापूर्वी नातीने वडिलांना सारे स्वतःच सांगितले. परीक्षा पुन्हा द्यावयाची आहे. जाताना ती जुनी वही मात्र तिने माझ्याच फडताळात ठेवली.