धुराची वाट

मंडळी, दारातल्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचा तुमचा बेत असेल, तर आधी आमची गोष्ट ऐका. आमच्या गडचिरोलीकडच्या गावांत अशा जीपा पुष्कळ होत्या. आमचीही त्यातलीच, बाबांनी लिलावात घेतलेली. महिंद्रांनी विलीजच्या परवान्यावर बांधलेली, अंगाने काटक, पण पेट्रोल प्यायची अधाशासारखी. १९७३ साली जगात तेल भडकलं आणि पुढच्या काळात अशा कितीतरी जीपांच्या पोटात डिझेल इंजिनं गेली. कुणी प्यूजो बनावटीचं घातलं, कुणी चक्क ट्रॅक्टरचं. आमच्या मिस्त्रीने ट्रॅक्टरचंच घातलं.

काम त्याने मन लावून केलं, हे मान्य करायला हवं. डिझेल इंजिन वजनदार, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. बॅटरी मोठी घेतली. कार्ब्युरेटर, कॉइल, प्लग गेले, पंप आणि नोझल आले. नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीत परत जावं म्हणून वेगळी नळीही ओढली. मात्र सायलेन्सरपाशी आल्यावर त्याचा आणि आमचाही धीर संपला. जुनाच बारीक पाइप वाकवून जोडला, चासीला घट्ट आवळला आणि शेवट सोडला मागच्या फळीच्या आतच. “सायलेन्सर काढूनच टाका, गाडी पळेल,” असाही सल्ला मिळाला. तो ऐकला नाही एवढंच शहाणपण.

त्या श्रावणात आईच्या पोटात कळा येऊ लागल्या. चंद्रपूरला न्यायचं ठरलं. पाऊस धो धो, म्हणून ताडपत्रीचे पडदे चारी बाजूंनी बांधले. आई, ताई आणि ताईचं लहान पोर मागे. सावली सोडली तसं पोर ओकू लागलं. ताईचं डोकं ठणकत होतं. आम्ही म्हटलं, गाडी लागली असेल. मूलला पडदे उघडले, वारा लागला आणि पाच-दहा मिनिटांत पोराने डोळे उघडले. पडदे बांधून निघालो की पुन्हा तेच! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पुढचा रस्ता सगळे भिजत गेलो.

धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि ती धूर आत ओढते. त्यात डिझेल इंजिनाची थरथर मोठी. घट्ट आवळलेल्या पाइपला सांध्यापाशी चीर गेली होती. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. बंद खोलीत शेगडी ठेवून निजू नये म्हणतात, ते याच वायूमुळे. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो खरा, पण बंद पडद्याआड त्या कमीवर लेकरू सोडवत नाही.

परत आल्यावर मॅनिफोल्डच्या तोंडाएवढा रुंद पाइप घेतला. इंजिनाजवळ जाळीचा लवचिक तुकडा, टांगायला रबरी पट्टे, सांध्याला नवं गॅस्केट. पाइपचं तोंड मागच्या फळीच्या बाहेर काढलं. ब्रेकची नळी आणि डिझेलची नळी त्याच्यापासून दूर बांधली. सांध्यावर काजळीचा काळा पट्टा दिसला की तिथे गळती आहे असं समजा. आणि मोहाच्या दिवसांत, रान वाळलेलं असताना, गरम पाइपखाली सागाचा पाचोळा येईल अशी गाडी उभी करू नका. वणव्याला तेवढंही पुरतं.

कागदाचंही पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम अशा बदलांसाठीच आहे. आरटीओची परवानगी आधी घ्या. पुस्तकातला इंजिन नंबर एक आणि गाडीतला दुसरा असला, तर अपघातानंतर विम्यासाठी हेलपाटे घालावे लागतात.

आई बरी झाली. ताई मात्र पुढे कितीही पाऊस असो, जीपमध्ये बसली की आधी मागचा पडदा वर बांधायची.