केरातली नावं

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आपल्याकडे मानतात. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवणारी घरं अजूनही आहेत. पण ज्या बाईची आधीची मुलं दगावलेली असत, ती सटवाईच्या भरवशावर राहत नसे. ती सरळ फसवाफसवीला लागे. तान्हं पोर केरावर ठेवायचं, दुसरीने ते उचलायचं आणि आईने पसाभर धान्य नाहीतर एखादी कवडी देऊन विकत घ्यायचं. म्हणजे हे आमचं नव्हेच, कुणाचं तरी टाकलेलं; यमाने त्याच्यावर कशाला डोळा ठेवावा? अशातून केरबा, कचरू, भिकू, दगडू, धोंडू आले; विदर्भात उकंडराव आणि कवडू. मुलाचं नाक टोचलं, की तो नथू. इतकं धडधडीत खोटं इतक्या मायेने क्वचितच कुणी बोललं असेल.

सगळेच धोंडू मात्र यातले नव्हेत. धोंड्याच्या महिन्यात जन्मलेलेही त्यात असत. दादासाहेब फाळक्यांचं धुंडिराज तर काशीच्या गणपतीचं नाव. त्याला या पंगतीत बसवू नये.

या नावांना जातही चिकटे. धोंडोपुढे ‘पंत’ लागला की दगडाचा देव होई. धोंडो केशव कर्व्यांनी ते नाव एकशेचार वर्षं वागवलं, १९५८ साली शंभरीत भारतरत्नही त्याच नावाने घेतलं. गावकुसाबाहेरच्या दगडूला ही सोय नव्हती. आईने जीव वाचावा म्हणून ठेवलेलं नाव गावाच्या तोंडी गेलं की हिणवणं होई. शिवाय तिथे एखाद्याने भारदस्त नाव ठेवलं, तरी गाव ते मोडून-तोडून ‘अरे-तुरे’त बसवी. १९७८च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांनी आपल्या आतल्या दगडूलाच बोलतं केलं, ते उगाच नव्हे.

मग देवीची लस आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, मुलं जगू लागली, आणि यमाला चकवायची गरज उरली नाही. आता आईबाप विहान, आरव, अथर्व शोधतात. शोधू देत. शाळेच्या फॉर्मवर आईवडिलांची नावं लागतात, आजोबांचं नाही. घरात कुणालातरी त्याचं बरंच वाटत असतं.