डाव्या कडेला

मधल्या सुट्टीत मुलांचा फुटबॉल चाले, तेव्हा एक मुलगी मैदानाच्या कडेला उभी राही. एकदा बाहेर आलेला चेंडू तिने असा टोलावला, की पोरे पाहतच राहिली! मी मात्र मास्तरकीच्या सवयीने बोलून गेलो, "हा मुलींचा खेळ नव्हे."

पुढे लिली पारची हकिगत वाचनात आली. सेंट हेलेन्सची ही मुलगी प्रेस्टनच्या डिक-कर कारखान्याच्या संघात डाव्या कडेने खेळे. २६ डिसेंबर १९२० रोजी या संघाचा सामना पाहायला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३,००० माणसे लोटली. आणि पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबरला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला: हा खेळ बायकांना योग्य नव्हे, संघटनेतल्या क्लबांनी त्यांना मैदाने देऊ नयेत!

लिलीने मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी केली, आणि मिळेल त्या मैदानावर ती १९५१ पर्यंत खेळत राहिली. २०१९ साली मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळा उभा राहिला.

माझ्या शाळेतली ती मुलगी मात्र त्या दिवसानंतर मैदानाकडे फिरकली नाही. तिकडे एवढ्या मोठ्या ठरावाला जे साधले नाही, ते इकडे माझ्या एका वाक्याने साधले.