तंतू आणि पावा

इंग्रजी लिपीत ‘फायबर’ आणि ‘फायफर’ या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक. एक म्हणजे तंतू, दुसरा म्हणजे फाइफ नावाचा आखूड, आडवा पावा वाजवणारा. कोशाला विचारलं तर दोघांचं काही नातं नाही. पण अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तरेकडे, सेनाटोबिया गावाजवळच्या ग्रॅव्हल स्प्रिंग्ज या वस्तीत ते एकाच माणसाच्या आयुष्यात येऊन मिळाले. ओथा टर्नर त्याचं नाव. जन्मभर शेतकरी, कपाशीच्या मुलखातला. आणि त्याच हातांनी फाइफ वाजवणारा.

फाइफ मूळचा फौजेचा. नळी अरुंद, चाव्या नाहीत, आवाज असा तीक्ष्ण की लढाईच्या कल्लोळातही कानात शिरावा. म्हणून युरोपच्या पायदळांनी ढोलाशेजारी त्याला जागा दिली. उठा, जेवायला या, कूच करा, सगळे हुकूम त्यावर. फायफर पुष्कळदा पोरसवदा असायचा. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने 1866 साली असाच एक पोरगा रंगवला: लाल विजार, ओठांना लावलेला फाइफ, मागे नुसता करडा रंग. मला त्या चित्रात नेहमी पोराचं एकटेपण दिसतं. श्वास त्याचा, सूर मात्र सरकारचा.

अमेरिकेत हेच वाद्य गुलामांच्या वंशजांकडे आलं. 1739 मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं, ढोल वाजवत माणसं गोळा केली. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर आणि शिंगांवर बंदी घातली. व्हर्जिनियाच्या मिलिशियात मात्र स्वतंत्र कृष्णवर्णीयांना बंदूक नाकारून ढोल नि बिगुल दिले जात. अशा वाटांनी फौजेचे ताल वस्त्यांत आले आणि तिथे पाय थिरकवू लागले. मिसिसिपीतल्या अशा फाइफ-ढोलाच्या वाद्यवृंदांचं ध्वनिमुद्रण लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने 1942 मध्ये केलं आणि 1959 मध्ये पुन्हा. ते ऐकताना सैनिकाचं पाऊल कुठे संपतं आणि नाच कुठे सुरू होतो, सांगता येत नाही.

टर्नरचा फाइफ दुकानातला नव्हता. ओढ्याकाठी आपोआप वाढणारा वेळू तो तोडून आणायचा. हाताने लांबी बघायची, बोटं सहज पडतील तिथे खुणा करायच्या, सळई विस्तवात लाल करून आतल्या गाठी जाळायच्या आणि मग एकेक भोक पाडायचं. सळई टेकली की चर्र आवाज, धूर, जळक्या लाकडाचा वास. पुन्हा सळई विस्तवात. आपल्याकडे बासरी करणारेही असंच करतात, हे पाहून मला फार बरं वाटलं. वेळूला कुणी पेरलेलं नसतं. त्याचा भाव निघत नाही, त्यावर सावकाराचं नाव चढत नाही.

कपाशीचं तसं नाही. गोऱ्या मालकाची जमीन अर्ध्या वाट्याने कसायची, बियाणं नि किराणा उधारीवर घ्यायचा, हिशेब मालकाच्या वहीत. गुलामी संपल्यावरही अमेरिकेच्या दक्षिणेतली लाखो कुटुंबं या बटाईत अडकून राहिली. विदर्भात वाढलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटत नाही. कमरेला ओटी बांधून बायका पऱ्हाटीच्या ओळीत उतरतात, उमललेल्या बोंडात पाचही बोटं घालतात, वाळकी टरफलं नखांच्या कडेने रुततात, आणि मजुरी किलोवर ठरते. पहिल्या वेचणीला सीतादही करून शेताला दहीभाताचा घास ठेवतात. त्यानंतर कापूस गाडीत भरला जातो, आणि तो कुणाच्या अंगावर चढणार हे वेचणारीला कळत नाही.

हा तंतू जवळून पाहावा असा आहे. सरकीच्या सालीवरची एकच पेशी लांबत जाते, अडीच-तीन सेंटिमीटर होते. जिवंत असते तोवर ती रसाने भरलेली गोल नळी असते. बोंड फुटलं की रस आटतो, नळी फितीसारखी चपटी होऊन स्वतःभोवती पीळ घेते. त्या पिळामुळेच एक तंतू दुसऱ्याला धरतो आणि सूत निघतं. सावरीचा तंतूही पोकळ, पण तो गोल, गुळगुळीत राहतो, म्हणून त्याचं सूत काढणं कठीण. तो उशीत जातो. कापूस आपली पोकळी गमावतो तेव्हा उपयोगी पडतो. वेळूची पोकळी राहते, तिथे माणूस फुंकर घालू शकतो. टर्नरच्या घरात या दोन्ही गोष्टी होत्या.

आपलंही या कापसाशी जुनं देणंघेणं आहे. 1861 ते 1865च्या अमेरिकी यादवीत तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत शेअरचा सट्टा पेटला, आणि युद्ध संपताच दोन्ही कोसळलं. आज आमच्याकडे बहुतेक शेतात अमेरिकी जातीचीच कपाशी उभी असते. पाऊस लांबला की पोटात गोळा येतो.

टर्नरचा पहिला अल्बम 1998 मध्ये निघाला तेव्हा तो नव्वदीत होता. दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीने ‘गँग्ज ऑफ न्यू यॉर्क’ या सिनेमाच्या सुरुवातीला त्याचा फाइफ वापरला, 1846च्या न्यू यॉर्कसाठी, दक्षिणेच्या कापसाच्या व्यापारावर तेव्हा ते शहर भरभराटलं होतं. मला ती निवड अचूक वाटते. सिनेमा आला आणि काही आठवड्यांनी, 2003च्या फेब्रुवारीत, टर्नर गेला; त्याची मुलगी बर्नीसही त्याच दिवशी. दोघांची अंत्ययात्रा एकत्र निघाली. पुढे ढोल, आणि ढोलांच्याही पुढे फाइफ वाजवत टर्नरची नात शार्डे थॉमस, जेमतेम तेरा वर्षांची. आजोबा दर वर्षी उन्हाळ्याअखेर बोकड भाजून सगळ्या पंचक्रोशीला बोलवायचे, धुळीत रात्रभर नाच चालायचा. शार्डेने ते जेवण आणि तो फाइफ, दोन्ही पुढे चालवलं.